उजेडाची ड्यूटी

सकाळी ७.१०

डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळतं, पण मग मांडीवरच्या पिशवीत काय आहे हे शेजारणीला सांगावं लागतं. आज दोन लेन्स आहेत, एक रिंग लाइट, अ‍ॅलन कीचा संच, काळं मखमली कापड आणि प्लॅस्टिकच्या डब्यात पितळेचे तुकडे. त्यातले निम्मे खराब आहेत. चांगले हरवले तर कारखाना आणखी देतो; खराब हरवले तर मात्र पंचाईत, म्हणून ते रुमालात गुंडाळलेत.

"कॅमेऱ्याचं काम करते" म्हटलं की लोकांना वाटतं मी लग्नाचे फोटो काढते, नाहीतर सोसायटीत सीसीटीव्ही बसवते. कारखान्यात पट्ट्यावरून माल सरकत असतो. त्यातला कुठला पुढे जाऊ द्यायचा आणि कुठला बाजूला ढकलायचा, हे ठरवणारे कॅमेरे मी बसवते. या धंद्यात त्याला मशीन व्हिजन म्हणतात. काढलेला फोटो बहुतेक वेळा कुणी बघतही नाही. सेन्सरसमोर वस्तू आली की लाइट चमकतो, चित्र निघतं, कॉम्प्युटर ते तपासतो आणि वाईट असेल तर हवेवर चालणारा छोटा सिलिंडर त्या तुकड्याला ट्रेमध्ये लोटतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. शेजारीण म्हणाली, "म्हणजे चेकिंग." तेच.

सकाळी ८.२०

एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ला स्थापन झाली आणि ठाण्यातली वागळे इस्टेट, जिथे मी उतरते, ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तेव्हाच्या शेडची करवतीच्या दात्यांसारखी छपरं अजून काही प्लॉटवर दिसतात. बाकी ठिकाणी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत आयटीवाले आले. पासपोर्ट सेवा केंद्राबाहेर फायली छातीशी धरून माणसं सकाळपासून उभी असतात. पण मागच्या गल्ल्यांमधल्या गाळ्यांत अजूनही लेथ फिरतात, डाय बनतात, खोके छापले जातात, पॅनल जोडले जातात. आमचं गिऱ्हाईक या गल्ल्यांत आहे.

आमचाही गाळाच. आत एक टेबल, त्यावर खाली-वर सरकणारा स्टँड आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लाइट: गोल, पट्टीचे, घुमटाचे, पाटीसारखे सपाट. कॅमेरे एका कपाटात मावतात, लाइटना अख्खी भिंत लागते. नवीन येणाऱ्या मुलाला मी आधी ही भिंत दाखवते. सध्याचा मुलगा इथल्याच आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून आलाय. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती मेगापिक्सेलचा, मॅडम?" सगळेच हे विचारतात, गिऱ्हाइकंसुद्धा. मोबाइलच्या जाहिरातींनी लावलेली सवय आहे ती. उजेड चुकीच्या बाजूने पडला असेल तर पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा पाच मेगापिक्सेलची चूक दाखवतो.

सकाळी ९.४५

पहिलं काम तीन गल्ल्या सोडून. तिथे सीएनसीवर पितळेचे इन्सर्ट निघतात, अंगठ्याच्या नखाएवढे, बाहेरून खरवडलेले, आतून आटे. मशीनच्या मागच्या बाजूला चेकिंगचं टेबल आहे. त्यावर हाताच्या अंतरावर ट्यूबलाइट लोंबते आणि चार जणी समोरचा ढीग उचलून दोन ढीग करतात. किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, सगळ्या इथल्याच.

आमची रचना तशी नेहमीची. भागाच्या मागे लाल उजेडाची सपाट पाटी, समोर टेलिसेंट्रिक लेन्स. साध्या लेन्समध्ये वस्तू जरा पुढे आली की मोठी दिसते, मागे गेली की लहान, आणि माप बदलतं. टेलिसेंट्रिक लेन्स फक्त सरळ समांतर येणारे किरण घेते, त्यामुळे तुकडा पट्ट्यावर थोडा इकडेतिकडे झाला तरी व्यास तोच भरतो. अशा लेन्सचं तोंड निदान मोजायच्या वस्तूएवढं रुंद असावं लागतं, म्हणून ती जड असते आणि पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते. हे पर्चेसवाल्याला पटवण्यात आमचे आठवडे जातात.

बाकीचं गणित सोपं. चित्राची रुंदी ३० मिलिमीटर, कॅमेऱ्यात आडवे २,४४८ पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण १२ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. पट्टा मिनिटाला ३० मीटर पळतो, म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर. फोटोला सेकंदाचा हजारावा भाग दिला तर तेवढ्यात तुकडा अर्धा मिलिमीटर पुढे गेलेला असतो आणि कड पुसट येते. म्हणून वेळ वीस हजाराव्या भागापर्यंत खाली आणायचा. आता एवढ्या कमी वेळात उजेड पुरत नाही, तर लाइट सतत न ठेवता कॅमेऱ्याच्या ठोक्यावर जोरात चमकवायचा. एक गाठ सोडवली की दुसरी बसते आणि बहुतेक वेळा ती उजेडाशीच येऊन थांबते.

कूलंटच्या तेलाचा थेंब कडेला चिकटला की काळ्या सावलीत फुगवटा दिसतो आणि चांगला माल रिजेक्ट होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी हवेचा झोत लावलाय. तो लावल्यापासून सकाळचा ट्रायल बरा चालला होता. मॅनेजर खूष होते. तेवढ्यात टेबलावरच्या मोठ्या ताई पास झालेल्या ट्रेमधून एक तुकडा घेऊन आल्या.

"मॅडम, हा मशीनने सोडला का?"

"हो. काय झालं?"

"हाताला लागतोय."

स्क्रीनवर हिरवं होतं. व्यास बरोबर, उंची बरोबर. मी भिंगातून बघितलं, मला दिसेना. मग त्यांना म्हटलं, तुम्ही बघता कसं ते दाखवा. त्यांनी तुकडा चिमटीत धरला, ट्यूबच्या खाली नेला आणि हलकेच कलता केला. ट्यूबची पांढरी रेघ भोकाच्या कडेवरून सरकत गेली आणि एका जागी तुटली. तिथे बर होती, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कड, आतल्या बाजूला दुमडलेली. मागून उजेड टाकल्यावर फक्त सावली दिसते आणि आत वळलेल्या बरची सावली तुकड्याच्या सावलीतच जाते. माझ्या मांडणीत ती दिसणं शक्यच नव्हतं.

त्यांचा हात जे करतो ते आम्ही लाइट बदलून केलं. कॅमेरा वरून, आणि गोल लाइट तुकड्याच्या अगदी जवळ, जवळजवळ आडवा. सपाट पृष्ठभागावरचा उजेड दुसरीकडेच निघून जातो, म्हणून तो काळा दिसतो. जिथे कड उचललेली असते तिथून उजेड वर कॅमेऱ्यात येतो. काळ्या वर्तुळात पांढरी चंद्रकोर उमटली. आयटीआयचा मुलगा "आली, आली!" करून ओरडलाच. ताईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हां, हीच." म्हणजे आता एक कॅमेरा पुरणार नाही, दोन लागणार. मॅनेजरांचा चेहरा उतरला.

असं दर कामात होतं. ज्याला कारखाना "नजर" म्हणतो त्यात बहुतेक वेळा मनगट असतं. वीस वर्षं टेबलावर बसलेली बाई वस्तू बघत नाही, उजेडात फिरवते. ती कशी फिरवते हे न बघता जो कॅमेरा टांगतो, त्याचा प्रोजेक्ट सहा महिन्यांनी ताडपत्रीखाली सापडतो.

निघताना ताईंनी विचारलं, "हे लागलं की आमचं काय?" हा प्रश्न कधीतरी येतोच आणि त्याला मी गोड उत्तर देत नाही. काही ठिकाणी बायका पॅकिंगला गेल्या, काही ठिकाणी त्यांनाच मशीन सांभाळायला शिकवलं. कंत्राटावरच्या असतील तर पुष्कळदा एका सोमवारपासून येऊ नका म्हणून निरोप जातो. मशीन व्हिजनच्या माहितीपत्रकांत पहिल्या दोन गोष्टी छापतात. माझ्या हातात एवढंच आहे की ट्रायलच्या रिपोर्टात बर कुणी पकडली ते नाव घालून लिहायचं. मालक तो रिपोर्ट वाचतात, कारण शेवटच्या पानावर किंमत असते.

दुपारी १२.१०

औषधांच्या पॅकिंगला आत जायचं म्हणजे टोपी, झगा, बुटांवर पिशव्या. इथे खोक्यावरची छपाई वाचायची आहे: बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३पासून देशातल्या ३०० खपाऊ ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्यात औषधाचं मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, दोन्ही तारखा, लायसन्स नंबर आणि त्या उत्पादनाचा ओळख-क्रमांक असावा लागतो. कोड छापणं प्रिंटरचं काम, पण छापलेला प्रत्येक कोड वाचता येतो की नाही हे बघायला लाइनवर कॅमेराच लागतो. युरोपात पाठवायचं असेल तर तिथे ९ फेब्रुवारी २०१९पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा नंबर आहे. म्हणजे पुढच्या खोक्यावरचा अंक वेगळा, आणि तोही वाचायचा.

अक्षरं वाचणं हे या धंद्यातलं जुनं काम. अमेरिकेतली कॉग्नेक्स कंपनी १९८१ला निघाली आणि पुढच्या वर्षी तिने अक्षरं वाचणारं यंत्र काढलं. ते पहिलं विकत घेतलं एका टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीने, कळा आपापल्या जागी बसल्यात का ते तपासायला. टाइपरायटर गेले, तपासणी राहिली.

आजची तक्रार अशी की लाइन सकाळपासून नीट चालते आणि मधूनच चांगली खोकी बाहेर फेकते. पाच-दहा मिनिटांनी हे फेकणं आपोआप थांबतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी दोनदा लॉग तपासले, प्रिंटरवाल्यांनी रिबन बदलली. मी पट्ट्याशेजारी स्टूल टाकून बसले. श्रावण चालू आहे. बाहेर सर येऊन गेली, ढग सरकला, वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट खोक्यांवर पडला आणि सिलिंडर खटाखट चालू झाला. खोक्याला वरून चकचकीत वॉर्निश आहे. उन्हाची तिरीप त्यावर पडली की काळं अक्षर राखाडी होतं. पाऊस आला की बरं होतं.

उपाय एक पत्र्याचा डबा, आतून काळा, कॅमेऱ्याभोवती. पण औषधांच्या कारखान्यात खिळा ठोकायचा तरी आधी कागद. बदलाचा अर्ज, क्वालिटीची सही, नंतर पुन्हा व्हॅलिडेशन. सेटिंगमधला एक आकडा हलवला तरी कुणी, केव्हा, कशासाठी हे यंत्रात नोंदलं जातं आणि ती नोंद पुसता येत नाही. बाहेरच्या लोकांना हा जाच वाटतो. मला मात्र ही शिस्त आवडते. बाकीच्या कारखान्यांत रात्रपाळीचा ऑपरेटर रिजेक्शन कमी व्हावं म्हणून हळूच मर्यादा सैल करून ठेवतो आणि सकाळी कुणालाच काही ठाऊक नसतं.

तात्पुरतं काय? खिडकीला पुठ्ठा. त्यालाही सही लागली, पण एकच.

दुपारी १.४५

डबा. भेंडी. मुलाने वडापाव आणला.

दुपारी २.२०

तासगावहून फोन. बेदाण्याचा व्यापारी आहे, कोल्ड स्टोरेजशेजारी प्रतवारीचं युनिट टाकतोय. हे आमचं काम नाही. ती यंत्रं तयार येतात. पण कुणीतरी माझा नंबर दिला आणि मला हा विषय आवडतो, म्हणून बोलत बसले. किराणा दुकानात "सॉर्टेक्सची तूरडाळ" मागणारा प्रत्येक माणूस मशीन व्हिजनचा गिऱ्हाईक असतो. सॉर्टेक्स हे मूळ लंडनच्या कंपनीचं नाव. आज ती स्वित्झर्लंडच्या ब्यूलरकडे आहे आणि नाव मात्र आपल्याकडे डाळ-तांदळाच्या पोत्यांवर कायमचं बसलंय.

या यंत्रातला कॅमेरा आमच्यासारखा चौकोनी चित्र काढत नाही. त्याला पिक्सेलची एकच ओळ असते. दाणे घसरगुंडीवरून सुटून हवेत पडत असतात आणि ही ओळ सेकंदाला हजारो वेळा बघते. पडता पडताच दाण्याचं चित्र पुरं होतं. मागे एक पार्श्वभूमी असते, तिचा रंग चांगल्या दाण्याशी जुळवतात. मग चांगला दाणा तिच्यात विरून जातो आणि काळा दाणा, खडा, काडी तेवढी उठून दिसते. दिसली की खालच्या झडपेतून हवेची फुंकर. सुपाने पाखडतानाही वारा हेच काम करतो, फक्त तिथे वजन बघितलं जातं आणि इथे रंग.

व्यापाऱ्याची अडचण वेगळी होती: देठ. बेदाण्याचा देठ आणि बेदाणा, दोघांचाही रंग तपकिरी. मी म्हटलं, डोळ्याला दिसणारा रंग सोडा, इन्फ्रारेडवाला कॅमेरा असलेलं यंत्र बघा. वाळलेलं लाकूड आणि साखर-पाणी धरलेला गर त्या प्रकाशात वेगळे दिसतात. आणि विकत घ्यायच्या आधी आपलाच माल पोत्यात भरून यंत्र विकणाऱ्याच्या डेमोला न्या. विक्रेत्याकडचा नमुन्याचा बेदाणा नेहमी देखणा असतो. "साखर लागून काचेवर चिकटतं का हो?" त्यांनी विचारलं. चिकटतं. काच दिवसातून किती वेळा पुसावी लागते ते आधीच विचारून घ्या, म्हटलं.

दुपारी ३.४०

प्लॅस्टिक मोल्डिंगवाले. यांना एआय हवंय. काय तपासायचंय ते नक्की नाही, पण एआय हवंय.

मी एआयच्या विरोधात नाही. २०१२मध्ये अ‍ॅलेक्सनेट नावाचं न्यूरल नेटवर्क आलं आणि चित्रं ओळखण्याची रीतच बदलली. लाकडाच्या रेषा, कातडं, कापडाचा पोत, वेल्डिंगची शिवण, जिथे दोन चांगल्या वस्तूही सारख्या दिसत नाहीत तिथे नियम लिहून भागत नाही. उदाहरणं दाखवून शिकवावं लागतं. व्यास मोजायला मात्र ते लावणं म्हणजे उधळपट्टी. तिथे फूटपट्टीच बरी.

शिकवायचं तर खराब मालाची उदाहरणं हवीत. मी क्वालिटीच्या साहेबांना म्हटलं, प्रत्येक दोषाचे शे-दोनशे नमुने द्या. ते ताठ झाले. "मॅडम, आमच्याकडे रिजेक्शन जवळजवळ नाहीच." हे वाक्य मला पाठ आहे. मी चहा घेतला, शेडच्या मागे गेले, ग्राइंडरजवळ भरलेली गोणी होती: अर्धवट भरलेले तुकडे, काळे डाग, फ्लॅश, खळगे. ग्राइंडरवरचा पोरगा म्हणाला, "रोज दोन निघतात." साहेब गोणीकडे बघून म्हणाले, "ते सेटिंगचं स्क्रॅप." मी गोणी रिक्षात घातली.

गोणी नसती तरी मार्ग आहे. फक्त चांगला माल दाखवून शिकवायचं आणि त्याहून वेगळं दिसेल त्यावर बोट ठेवायला सांगायचं. पण मग धूळही वेगळी दिसते, बोटाचा ठसाही.

संध्याकाळी ५.१५

पुन्हा पितळवाले. आता मीटिंग आणि दिवसातलं सर्वांत अवघड काम. टेबलावर पंधरा तुकडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. प्रॉडक्शन, क्वालिटी आणि मार्केटिंग, तिघांनी प्रत्येकावर ओके किंवा एनजी (नॉट गुड) लिहायचं. बर किती मोठी झाली की माल परत? ड्रॉइंगवर लिहिलंय "बर नसावी". बर नसलेला तुकडा जगात नसतो.

पहिले सहा एकमताने झाले. सातव्यावर प्रॉडक्शन म्हणे ओके, क्वालिटी म्हणे एनजी. मार्केटिंगवाल्याने विचारलं, "हा कुठल्या पार्टीला जाणार?" म्हणजे एका पार्टीला चालतो, दुसरीला नाही. हे आजवर टेबलावरच्या बायका न बोलता सांभाळत होत्या. कुणाचा माल चाललाय ते बघून हात सैल किंवा कडक. कॅमेऱ्याला हे सांगायचं तर आकडा लागतो, आकड्यावर सही लागते, आणि सही म्हटली की खुर्च्या मागे सरकतात. माझ्या मते या यंत्रांचा खरा उपयोग इथे होतो. माल तपासला जातो तो नंतर. त्याआधी कारखान्याला काय चालतं आणि काय नाही, हे एकदा तरी कागदावर लिहावं लागतं. काही प्रोजेक्ट या टप्प्यावर बंद पडतात आणि खापर कॅमेऱ्यावर फुटतं.

मी ताईंना आत बोलवा म्हटलं. सेकंदभर शांतता, त्या मीटिंगच्या खोलीत कधी आल्या नसाव्यात. त्या आल्या, उभ्यानेच सातवा तुकडा उचलला, कलता केला आणि म्हणाल्या, "हा रबरात जाणारा असेल तर नको, रबर कापतं. प्लॅस्टिकमध्ये चालेल." क्वालिटीवाल्यांनी ड्रॉइंगच्या कडेला दोन ओळी लिहिल्या. मर्यादा दोन ठरल्या, पार्टीप्रमाणे सेटिंग दोन. सही तिघांची झाली. चौथी मी मागितली, तर त्या हसून म्हणाल्या, "माझी कशाला?" तरी केली.

संध्याकाळी ७.०५

तीन हात नाक्याला रिक्षा अडकली. सिग्नलवरचे कॅमेरे नंबर वाचतायत. हेही माझंच शास्त्र, फक्त ऊन-पाऊस, चिखल आणि हेडलाइटच्या तोंडावर करायचं. त्यात आपल्याकडची हौस: ८०५५चं "बॉस" आणि ४१४१चं "दादा". एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना ठरावीक अक्षरांची, उजेड परत फेकणारी पाटी सक्तीची झाली. तिचा गाजावाजा चोरीविरोधी म्हणून झाला, पण कॅमेऱ्यांनाही ती सोयीचीच पडली.

लोकल उशिरा. प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या मुलाला सांगितलं की धावत्या गाडीच्या पोटाखालचे फोटो काढून लोंबणारे, सैल झालेले भाग शोधणारी यंत्रं रेल्वेही बसवणार आहे. जुलै २०२५मध्ये मालगाड्यांचे वेगळे मार्ग सांभाळणाऱ्या डीएफसीसीआयएलबरोबर चार यंत्रांचा करार झाला. त्याने विचारलं, "उजेड कुठून टाकतील?" शिकतोय.

रात्री ९.२०

पोळी ताटात आणि फोन. प्लॅस्टिकवाल्यांच्याच शेजारची कंपनी, मागच्या वर्षी बसवलेलं मशीन, दुसरी पाळी.

"मॅडम, कॅमेरा सगळंच फेकतोय."

"कुणी हात लावला?"

"कुणीच नाही."

"लेन्स पुसली?"

"पुसली."

"मशीनच्या वर बघा. सकाळपेक्षा काय वेगळं आहे?"

फोन ठेवल्यासारखा गप्प. मागे कॉम्प्रेसरचा आवाज. मग, "मॅडम, इलेक्ट्रिशियनने संध्याकाळी नवी ट्यूब लावली. छान उजेड आहे आता."

"ती बंद करा."

"अंधार होईल, मॅडम. ऑपरेटरला दिसणार कसं?"

"मग ती पलीकडच्या खांबाला बांधा, तोंड भिंतीकडे. आणि चालू झालं की दहा तुकडे हाताने तपासून मला सांगा."

पंधरा मिनिटांनी मेसेज आला: नऊ ओके, एक एनजी, एनजी बरोबर आहे. उद्या जाताना त्यांच्याकडे पत्र्याचं माप घ्यायचं आहे. औषधवाल्यांचा डबा कापायला देणारच आहोत, त्याच पत्र्यात यांचाही निघेल.